जंग्या आहेत, लढाई नाही

इंग्लंडमधल्या रेडिंगचा भाचा म्हणाला, "मामा, उद्या तुम्हाला इथला किल्ला दाखवतो." सौ.ने लगेच धपाटे बांधून घेतले. मी गुडघ्याला पट्टा चढवला. केनेट अँड एव्हन कालव्याच्या काठाने बराच चिखल तुडवल्यावर काटेरी झुडपांत काँक्रीटची सहा बाजूंची ठेंगणी खोली दिसली.

"हा किल्ला?" सौ. म्हणाली. "आपल्या सोसायटीची पंपाची खोली याहून ऐसपैस आहे."

याला पिलबॉक्स म्हणतात. 1940 साली ब्रिटिश फौज डंकर्कहून जीव वाचवून परतली, तोफा-रणगाडे मात्र फ्रान्समध्येच राहिले. आता हिटलर येणार, या धास्तीने जनरल आयर्नसाइड यांनी असले हजारो ठोकळे उभारायचा सपाटा लावला. रणगाडे अडवायला हा कालवाच खंदक. पण जुलैत साहेब बदलले. नव्या अ‍ॅलन ब्रुक साहेबांना एका जागी बसून लढणं पसंत नव्हतं, त्यांना हवी फिरती फौज. निम्मं काम झाल्यावर साहेब बदलतो, हे ऐकून मला परदेशात प्रथमच घरच्यासारखं वाटलं.

सॉमरसेटकडे तर ऑलिव्हर मेसेल या नाटकांच्या नेपथ्यकारालाच या ठोकळ्यांना सोंगं चढवायच्या कामावर नेमलं होतं. कुठे गवताची गंजी, कुठे चहाचं दुकान.

"आणि जर्मन खरंच चहा प्यायला आला असता म्हणजे?" सौ.ने विचारलं. ब्रिटिश युद्धखात्याला हे सुचलं होतं की नाही, भाच्याला सांगता येईना.

मी वाकून आत शिरलो. बियरचे डबे, ओल आणि अंधार. गोळ्या झाडायच्या जंग्या मात्र अस्सल. एका जंगीतून छत्री रोखली, तर समोरून संथ जाणाऱ्या बोटीतल्या आजोबांनी हसून हात हलवला.

"इथे कोण पडलं?" सौ.ने बाहेरून विचारलं.

"कोणीच नाही, मामी. जर्मन आलेच नाहीत."

"एकही नाही?"

सिंहगडावरचा गाइड असता तर एव्हाना त्याने दोन सरदार आणि एक घोडी तरी इथे पाडली असती. भाचा बिचारा प्रामाणिक. भिंती जाड, पाडायचा खर्च मोठा, म्हणून हे उरलेत. काहींत आता वटवाघळं राहतात आणि त्यांना हुसकावणं कायद्याने गुन्हा आहे, एवढंच त्याने सांगितलं.

"म्हणजे भाडेकरू," सौ. म्हणाली. "मग कसले निघतायत! चल, चहा पाजव. आणि दुकान आधी ठोकून बघ रे, काँक्रीटचं नाही ना ते."