पंखा लागला का?

सिग्नलला गाडी थांबली की बाकीचे लोक मोबाइलकडे बघतात. जुनी स्पोर्ट्स कार बाळगणारा माणूस रेडिओ बंद करतो, शेजारी बसलेल्या बायकोला हातानेच गप्प राहायची खूण करतो आणि कान टवकारून बसतो. नजर तापमानाच्या काट्यावर. समोर रेडिएटरला लागून एक विजेचा पंखा आहे आणि तो आता सुरू व्हायला हवा. झाला तर घरघर ऐकू येते, गाडी किंचित थरथरते आणि मालकाचा जीव भांड्यात पडतो. नाही झाला तर काटा वर सरकू लागतो. तेवढ्यात सिग्नल हिरवा होतो, गाडी निघते, समोरून वारा लागतो, काटा खाली येतो आणि प्रकरण पुढच्या सिग्नलपर्यंत तहकूब होते.

या पंख्याची गोम अशी की गाडी पळत असताना त्याला काही कामच नसते. हमरस्त्यावर रेडिएटरमधून जाणारा वारा पुरेसा असतो. पंख्याची गरज पडते ती गाडी उभी असताना किंवा रांगत असताना. त्यामुळे पंखा गप्प आहे याचा अर्थ सगळे उत्तम चालले आहे असाही होतो आणि पंखा कधीचाच गेला आहे असाही. घरातला पंखा बंद पडला तर आपल्याला दोन मिनिटांत कळते. हा अख्खा हिवाळा बंद असला तरी कुणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ते जुलैमध्ये, भर दुपारी, मधल्या लेनमध्ये.

माझी गाडी म्हणजे माझदा मियाटा, पहिल्या पिढीतली, १.६ लिटर इंजिनाची. दोन माणसांपुरती जागा, कापडी छप्पर, आणि बटण दाबले की बॉनेटमधून वर येणारे दिवे. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ती लोकांपुढे आली. कारखाना हिरोशिमाचा, पण अशी गाडी काढाच, असा आग्रह धरणाऱ्यांत बॉब हॉल हा अमेरिकन मोटर-पत्रकार होता आणि तिच्या रेखाटनात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या माझदाच्या स्टुडिओचा मोठा हात होता. त्यामुळे इथल्या उन्हाची तिला सवय असावी, अशी माझी भाबडी समजूत होती. एवढ्या वर्षांनी काही बिघडले तर बनवणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नाही. १९८९ मध्ये जन्मलेली माणसेही आता पाठदुखीसाठी रजा टाकतात.

आमच्या लहानपणीच्या प्रीमियर पद्मिनीला असले काही सुचायचे नाही. तिचा पंखा इंजिनाच्या पट्ट्यावर फिरायचा. इंजिन चालू तर पंखा चालू. तरीही बोरघाटात पद्मिन्या बॉनेट उघडून रांगेने उभ्या असायच्या, तो भाग वेगळा. पट्ट्यावरचा पंखा गरज नसतानाही फिरतो आणि फुकट इंजिनाची ताकद खातो. विजेचा पंखा आला तो यावर उपाय म्हणून. गरज असेल तेव्हाच फिरायचे. पण गरज आहे हे ठरवणार कोण? सगळ्या भानगडी इथून सुरू होतात.

माझ्या गाडीत ते ठरवतो थर्मोस्टॅटजवळ बसवलेला एक छोटासा स्विच. कूलंट साधारण ९७ अंश सेल्सिअसला पोचले की तो रिलेला अर्थिंग देतो, रिले टिक करतो आणि पंखा लागतो. पाणी १०० अंशांना उकळते हे शाळेत घोकलेल्या माणसाला ९७ हा आकडा ऐकूनच घाम फुटतो. माझी आई साताऱ्याहून फोनवर म्हणाली, "अरे, उकळायची वाट कशाला बघतो तो? आधीच लागायला काय होतं त्याला?" तिचे म्हणणे मला पटले होते, पण इंजिनाला पटत नाही, त्याला बेताची ऊब हवी असते. शिवाय रेडिएटरचे झाकण हे नुसते झाकण नसते, ते आतला दाब वाढवते. निम्मे पाणी, निम्मे कूलंट आणि त्यावर तो दाब, असे मिश्रण उकळायला १२० अंशांच्या वर जावे लागते. इंजिन गरम असताना झाकण उघडू नका असे जे सांगतात, ते यासाठीच. दाब सुटला की आतले सगळे एका क्षणात उकळते आणि तोंडावर येते.

गाडी तापते म्हटल्यावर लोक पहिल्यांदा काय करत असतील, तर खरेदी. थर्मोस्टॅट स्वस्त, म्हणून तो आधी. मग स्विच, मग रिले, मग रेडिएटर. वास्तविक आधी एकच गोष्ट विचारायची असते: कुठे तापते? उभी असताना तापत असेल आणि पळवली की निवत असेल, तर पंखा बघा. उलट पळताना तापत असेल तर पंख्याच्या नादी लागू नका. तिथे रेडिएटर चोंदलेला असतो, पंप दमलेला असतो, किंवा इंजिनाखालचा प्लास्टिकचा पत्रा गायब असतो. हा पत्रा वारा रेडिएटरकडे वळवण्यासाठी असतो. ऑइल बदलणाऱ्यांना तो अडचणीचा वाटतो आणि एकदा काढला की बहुधा पुन्हा बसत नाही. रेडिएटरचा रंगही बघून ठेवावा. वरची प्लास्टिकची टाकी नवी असताना काळी असते. ती तपकिरी पडली असेल तर समजावे की आता ती कधीही तडकेल.

मियाटात पंख्याची परीक्षा घ्यायची एक सोय आहे, आणि ती मला फार आवडते. बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूला, झाकणाची एक छोटी डबी आहे. तिच्यात टीएफए आणि जीएनडी अशा दोन खाचा आहेत. चावी फिरवायची, इंजिन सुरू करायचे नाही, आणि वायरच्या तुकड्याने त्या दोन खाचा जोडायच्या. स्विचच्या वतीने आपणच सांगायचे, की तापले आहे बरे का. पंखा लागला तर फ्यूज, रिले, मोटर सगळे शाबूत. दोष स्विचकडे किंवा त्याच्या वायरीत. आणि स्विच बदलायच्या आधी कूलंट पुरेसे आहे का, एवढे जरूर पाहावे. कारण पाणी कमी झाले की स्विचभोवती नुसती वाफ उरते, त्याला खऱ्या तापमानाचा पत्ताच लागत नाही आणि तो स्वस्थ बसतो. दुष्काळ पाहणी पथकाने विश्रामगृहात बसून सर्व क्षेम असल्याचा अहवाल द्यावा, तसे.

माझ्या गाडीत मात्र रिलेने टिक केले आणि पंखा ढिम्म. फ्यूज ठीक. पंख्याचा प्लग काढून मीटर लावला तर पूर्ण १२ व्होल्ट. वीज पोचते आहे आणि पंखा फिरत नाही, म्हणजे मोटर गेली. कार्बन झिजले असतील. मोटरला स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टकटक केले. कार्बन झिजलेली मोटर अशाने कधी कधी जागी होते. ही झाली नाही. नवी मोटर मागवायच्या बेतात होतो, तेवढ्यात मित्राचे वडील आले.

काका वीज मंडळातून निवृत्त झालेले, कोल्हापूरचे. मुलाकडे उन्हाळ्यापुरते आले होते आणि अमेरिकेत येणाऱ्या सगळ्या आईवडिलांप्रमाणे तिसऱ्या आठवड्यात कंटाळले होते. बॉनेट उघडे दिसताच ते चपला घालून रस्ता ओलांडून आले. माझे मीटरपुराण त्यांनी शांतपणे ऐकून घेतले.

"मीटर ठेव की बाजूला. हेडलाइटचा जुना बल्ब आहे का एखादा?"

५५ वॅटचा बल्ब होता. प्लगच्या दोन टोकांना त्यांनी तो लावला. बल्ब लागला, पण कसा? आतली तार लालसर झाली, बस्स. उदबत्तीएवढा उजेड.

"हे तुझे १२ व्होल्ट," काका म्हणाले.

मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. केसाएवढी एक तार शिल्लक असली तरी तिच्यातून त्याला १२ व्होल्ट दिसतात. बल्बाला चार-साडेचार अँपियर लागतात, पंख्याला त्याहून जास्त. काम सांगितले की त्या तारेचा दम निघतो आणि दाब बसतो. काकांची बोटे प्लगपासून मागे मागे वायर चाचपत गेली आणि वीतभर अंतरावर, गुंडाळलेल्या काळ्या टेपवर थांबली. आधीच्या मालकाने कधी तरी केलेला जोड. टेपचा डिंक वितळून बोटांना चिकटला. आत तांब्याच्या जागी हिरवा भुगा होता, आणि त्यात दोन-तीन तारा कशाबशा तग धरून.

"काळी टेप दिसली की उकरायचं," काका म्हणाले, "मग पुढचं बोलायचं."

वायर कापली, घासली, डाख दिला, नळी चढवली. पंखा लागला. मी हात धुवायला निघालो तर काकांनी खिशातून कसलीशी पावती काढून गाडीच्या तोंडाशी, जाळीवर धरली. पावती जाळीला चिकटून बसली. पंखा रेडिएटरच्या मागे असतो, त्याने पुढची हवा आत ओढायला हवी. दुरुस्तीत दोन वायरींची अदलाबदल झाली तर मोटर उलटी फिरते, आवाज अगदी खात्रीचा येतो आणि वारा पुढे फेकला जातो. मग रस्त्यावर येणारा वारा आणि पंख्याचा वारा यांची रेडिएटरमध्येच मारामारी. पावती चिकटली, म्हणजे पंखा सुलटा. काकांनी ती पुन्हा घडी घालून खिशात ठेवली. परत करायच्या कसल्याशा वस्तूची होती.

पंखा वाटेतच गेला तर? बेकर्सफील्डहून लॉस अँजेलिसकडे जाताना ग्रेपव्हाइनचा लांबलचक चढ आहे. तिथे गाडी तापू नये म्हणून एसी बंद करा, अशा पाट्याच लावलेल्या आहेत आणि रेडिएटरसाठी पाण्याचीही सोय आहे. अशा ठिकाणी जुन्या लोकांचा उपाय म्हणजे हीटर पूर्ण लावणे. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच. इंजिनाची उष्णता तो तुमच्या पायांवर ओततो. बाहेर चाळीस अंश, छप्पर उघडे आणि आत हीटर, अशा थाटात मियाटात बसलेल्या जोडप्याकडे बाजूच्या गाडीतले लोक कौतुकाने बघतात. बायको तेव्हा काय म्हणते ते इथे लिहिण्यासारखे नाही. मात्र हीटर लावूनही गार हवाच आली तर चेष्टा बाजूला ठेवून लगेच थांबावे. कूलंट संपलेले असते.

काही हौशी मालक डॅशबोर्डखाली पंख्याचे वेगळे बटण बसवतात. मनात आले की लावा. मला हे पसंत नाही. पंख्याची आठवण ठेवायचे काम स्विचकडून काढून घेऊन ते चष्मा कुठे ठेवला हे न आठवणाऱ्या माणसाकडे द्यायचे, यात सुधारणा कोणती ते मला कळत नाही. त्यापेक्षा उन्हाळा लागायच्या आधी एका सकाळी ती डबी उघडावी, दोन खाचा जोडाव्यात आणि पंखा लागतो का ते बघावे. पावतीही धरून बघावी. फक्त बोटे आणि शर्टाच्या बाह्या लांब ठेवा. इंजिन बंद असले तरी हा पंखा फिरतो.