अनुरूप संगीत पाहिजे

चाळिशी ओलांडलेला, निर्व्यसनी, स्वतःचा ब्लूटूथ स्पीकर असलेला गृहस्थ जेव्हा ‘आता काहीतरी नवीन ऐकायला पाहिजे’ असं म्हणतो, तेव्हा त्याला नवीन काही नको असतं. त्याला हवं असतं जुनंच, फक्त आधी न ऐकलेलं. वधूवरसूचक मंडळात नाव घालणाऱ्याच्या मनात जशा न सांगितलेल्या अटी असतात, तशा याच्याही असतात: चाल ओळखीची वाटावी, शब्द कळावेत, आणि पोरांनी ‘बाबा, बंद करा’ म्हणू नये. अशा इच्छुकांसाठी काही शास्त्रशुद्ध नियम पुढे देत आहे. त्यांतले काही मी पाळतो, काही माझे दाजी पाळतात. उरलेले कुणीच पाळत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, मुक्काम कोल्हापूर. त्यांचा संबंध पुढे येईलच. तो न आणता संगीतावर चार ओळी लिहाव्यात असं फार मनात आहे, पण जमत नाही.

नियम पहिला: आपण कोण आहोत ते यंत्राला कळू देऊ नये.

फोनमधलं ॲप गाणी सुचवतं ते त्याला गाणं कळतं म्हणून नव्हे. हे ज्यांनी ऐकलं त्यांनी आणखी काय ऐकलं, एवढाच त्याचा मुख्य हिशेब. म्हणजे आपल्यासारखेच जे हजारो लोक रोज तेच ते लावतात, त्यांचं ‘तेच ते’ आपल्या गळ्यात आणि आपलं त्यांच्या. त्यातून घरातला फोन एकट्याचा कधीच नसतो. भाचीच्या लेकराला भात भरवताना माझ्या फोनवर हत्तीची गाणी लावण्यात आली, तेव्हापासून ॲपचा असा ग्रह झाला आहे की हा माणूस संध्याकाळी मारवा ऐकतो आणि मग त्याला हत्ती लागतो. गेले कित्येक महिने मी या दोहोंच्या मधे कुठेतरी राहतो आहे.

उपाय आहेत. पाहुण्यांच्या हाती फोन देण्याआधी खासगी सत्र सुरू करावं. नको ते गाणं आलं तर नुसतं पुढे ढकलू नये, ‘नको’ असं बटण असतं ते दाबावं. आणि शोधताना गायकाचं नाव घालण्याऐवजी रागाचं आणि वाद्याचं घालावं: ‘मारवा सारंगी’, ‘मारवा सरोद’. नाव घातलं की यंत्र तुम्हाला त्या माणसाच्या वाड्यात कोंडतं. राग घातला की निदान गल्लीत तरी सोडतं.

गाणं ओळखून दाखवणारं जे दुसरं ॲप असतं, ते ध्वनिमुद्रणाचा ठसा घेऊन साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहतं. म्हणून हॉटेलात वाजणारं गाणं ते चटकन सांगतं आणि समोर बसून गाणाऱ्या बुवांपुढे मुकं होतं, कारण बुवा हे आत्ताच, पहिल्यांदाच गातायत. सवाई गंधर्व महोत्सवाच्या मंडपात फोन उंच धरून बसलेल्या तरुणांना नम्र सूचना की शेजारच्या मफलरवाल्या आजोबांना विचारावं. ते राग सांगतील, ताल सांगतील, आणि हाच राग पूर्वी कोणी किती चांगला गायला होता हे, न विचारता, पुढचा कलाकार येईपर्यंत सांगतील.

नियम दुसरा: दुसऱ्याची आवड सुधारू नये.

हा प्रयोग केंद्र सरकारच्या पातळीवर होऊन गेला आहे. १९५२ साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. स्वतः गाणं शिकलेला, जाणकार माणूस. देशाने चांगलं ऐकावं अशी त्यांची तळमळ होती, आणि त्या तळमळीपायी आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. देशाने काय केलं? रेडिओची सुई सिलोनकडे वळवली. त्याच वर्षी तिकडे बिनाका गीतमाला सुरू झाली होती. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी सरकारलाच विविध भारती सुरू करावी लागली. घरोघरच्या केसकरांनी यावरून घ्यायचा तो बोध घ्यावा. दाजींनी घेतलेला नाही.

नियम तिसरा: एक दाजी बाळगावा.

हा या मार्गदर्शिकेचा गाभा असल्याने सावकाश वाचावा.

दाजी असा निवडावा की ज्याची आवड आपल्याशी जुळत नाही, पण ज्याचा कान आपल्यापेक्षा चांगला आहे. आवड जुळणारा माणूस कुचकामाचा. तो आपण म्हणू त्याला ‘वा’ म्हणतो आणि चहा घेऊन जातो. दाजी ‘वा’ म्हणत नाहीत. मी मोठ्या हौसेने काही लावलं की ते पाय पोटाशी घेऊन खुर्चीत बसतात, डोळे मिटतात, आणि दोन मिनिटांनी डोळे न उघडता विचारतात, “पाव्हणं, अजून किती हाय हे?”

दाजी जयपूर-अत्रौली घराण्याचे. म्हणजे गाणारे नव्हेत, ऐकणारे. अल्लादियाखाँसाहेब शाहू महाराजांच्या आश्रयाने कोल्हापुरात राहिले, ही गोष्ट दाजी अशी सांगतात की खाँसाहेबांना खोली यांच्याच आजोबांनी दाखवली असावी. या घराण्याचा लौकिक अनवट आणि जोडरागांचा: बिहागडा, खट, खोकर, सावनी नट, बसंती केदार. माझ्यासारख्याने नुकताच कुठे यमन ओळखायला सुरुवात केलेली असते. दाजींना ते कळलं की ते म्हणतात, “यमन काय, कुणीबी ओळखतंय.”

त्यांच्या कपाटात कॅसेटी आहेत. प्रत्येकीच्या पाठीवर हिरव्या शाईत बारीक अक्षरात राग, गायक, गाव. आणि खाली शेरा. ‘सं. मालकंस, मन्सूर. ब बाजू: खोकला.’ हा खोकला मल्लिकार्जुन मन्सूरांचा नव्हे, दाजींच्या पुढे बसलेल्या एका गृहस्थाचा. तो पुढे बँकेत मॅनेजर झाला आणि त्याने दाजींचं घरकर्ज मंजूर केलं, तरी शेरा तसाच आहे. आता हा संपूर्ण मालकंस. एरवीच्या मालकंसात रिषभ आणि पंचम औषधालाही नसतात, आणि या संपूर्ण प्रकारात ते दोन्ही येतात. हे मला कोणत्याही ॲपने सांगितलं नसतं. ॲपच्या दृष्टीने मालकंस आवडणाऱ्याला आणखी मालकंस द्यावा. दाजींच्या दृष्टीने मालकंस आवडणाऱ्याची झोप उडवावी.

केसरबाई केरकर हा विषय काढू नये. काढल्यास रात्रीचं जेवण लांबतं. गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई, अल्लादियाखाँची तालीम, आणि ध्वनिमुद्रणाविषयी इतक्या नाखूश की आज त्यांचं गाणं हाताशी आहे ते थोडकंच. पण त्यांची एक भैरवी, साडेतीन मिनिटांची, १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत गेली. ती सुचवली रॉबर्ट ब्राउन नावाच्या संगीत-अभ्यासकाने. सुचवली खरी, पण त्या भैरवीची मूळ तबकडी मिळेना. न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. म्हणजे अंतराळात काय पाठवायचं हे ठरतानासुद्धा शेवटी एक हट्टी जाणकार आणि एक खोकंच कामी आलं. दाजींचं यावरचं मत असं की तिकडे कुणी असेलच, तर त्याला समेवर यायला वेळ लागेल.

इतकं सगळं असून हा माणूस मी आजारी होतो तेव्हा रात्रीच्या एसटीने आला, उशाशी टेपरेकॉर्डर ठेवला आणि म्हणाला, “भीमसेन आणलाय. तुला झेपंल असा.” त्यांच्या घराण्याबाहेरचा. स्वतःच्या हाताने. हिरव्या शाईत, शेऱ्याविना.

नियम चौथा: गाण्यात मागे कोण वाजवतंय ते पाहावं.

गायकाचा पाठलाग सगळेच करतात. संगीतकाराचा काही जण करतात. खरी खाण त्याच्याही मागे असते. उदाहरण म्हणून भगवानदादांचा ‘अलबेला’ घ्या, १९५१ चा. संगीतकार सी. रामचंद्र, म्हणजे आपले पुणतांब्याचे चितळकर. आमच्या पिढीने ती गाणी लग्नाच्या वरातीत ऐकली, त्यावर नाचलो, आणि विषय संपला. पण त्या पितळी वाद्यांच्या आवाजामागे चिक चॉकलेट हा माणूस आहे. पडद्यावरही तो आपल्या वाद्यवृंदासह दिसतो. खरं नाव अँतोनियो झेवियर वाझ, गाव हळदोणे, बार्देस. मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवायचा आणि लोक त्याला भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. आता लुई आर्मस्ट्राँग ऐका. भगवानदादांच्या नाचावरून तुम्ही थेट न्यू ऑर्लिन्सला पोचलात आणि मधे कुठे गाडी बदलावी लागली नाही.

उलट दिशेने जायचं तर गोव्यातच थांबा. हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा वाद्यमेळ लिहून देणारे अनेक जण गोव्याचे होते. शंकर-जयकिशनांकडे सेबास्टियन डिसोझा, आणि प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांचं नाव पुढे १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’त अमिताभच्या तोंडी गेलं. तिथून ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांची कोकणी गाणी. लॉर्नाचा आवाज ऐकून कोकणी कळत नाही म्हणून कुणी उठून गेल्याचं मी पाहिलेलं नाही. जुन्या सिनेमांच्या नामावलीत ही नावं सहसा नसतात, ती मुद्दाम शोधावी लागतात. पण एकदा हा नाद लागला की रविवार दुपार गेलीच म्हणून समजा. दाजींना यातलं काहीही सांगितलेलं नाही.

नियम पाचवा: शेजार तपासावा.

भूप आवडतो ना? मग देसकार ऐका. सूर तेच पाच. फक्त भूप रात्रीचा आणि गंधाराशी रेंगाळणारा, तर देसकार सकाळचा आणि धैवतावर चढून बसणारा. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचंही तसंच: सामान एक, बिऱ्हाडं वेगळी. हवं तर भूपावरून दक्षिणेत उतरा, तिकडे त्याचा जोडीदार मोहनम आहे आणि मालकंसाचा हिंदोलम. ओळखीच्या सुरांत अनोळखी गाणं मिळवण्याची याहून स्वस्त युक्ती मला माहीत नाही.

नवशिक्याने तासाभराच्या ख्यालापासून सुरुवात करू नये. जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांवर एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, त्यामुळे अब्दुल करीमखाँपासून हिराबाई बडोदेकरांपर्यंत सगळ्यांना मुद्द्याचं तेवढंच गावं लागायचं. दाजींना ही शिफारस मान्य नाही. त्यांच्या मते तीन मिनिटांत तंबोरासुद्धा लागत नाही.

नियम सहावा: फार लांब जाऊ नये.

गदगचा एक मुलगा. त्याने दुकानात वाजणारी अब्दुल करीमखाँची झिंझोटीतली ठुमरी ऐकली आणि गाण्यापायी १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, घर सोडलं. गाड्यांतून गात गात ग्वाल्हेर, असं करत करत तो पार जालंधरला पोचला. तिथे विनायकराव पटवर्धनांनी त्याला सांगितलं की अरे, तुझा गुरू तुझ्या घराजवळच आहे, कुंदगोळला. तो मुलगा परत फिरला आणि सवाई गंधर्वांचा शिष्य भीमसेन जोशी झाला. वाचकांना या पद्धतीची शिफारस करणं शक्य नाही, घरचे ओरडतील. पण कॅसेटींचा डबा उघडण्याआधी जगभरचे रेडिओ धुंडाळणाऱ्यांना हे सांगून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

नियम सातवा: दिवाळी पहाटेला नवीन संगीत शोधायला जाऊ नये. फराळ चांगला असतो.

नियम आठवा: तिसऱ्यांदा ऐकल्याशिवाय ‘आवडलं नाही’ म्हणू नये.

पहिल्यांदा आपण गाणं ऐकतच नाही, ते आपल्या माहितीतल्या कोणत्या गाण्यासारखं नाही तेवढंच ऐकतो. दुसऱ्यांदा कंटाळा येतो. तिसऱ्यांदा कुठलीशी एक जागा आधी आठवते आणि मग येते, आणि ती बरोबर त्याच ठिकाणी आली म्हणून आपल्याला उगाच आनंद होतो. कुमार गंधर्वांचं मला असंच झालं. सलग तीनदा ऐकू नये, मधे दिवस जाऊ द्यावेत. सलग ऐकल्यास घरातल्या बाकीच्यांचं ते आधी पाठ होतं आणि मग ते सूड म्हणून गुणगुणतात.

नियम शेवटचा: परतफेड.

घेतलंत तसं द्यावंही. मात्र ‘हे ऐकाच!’ असं लिहून दुवा पाठवू नये. त्या ‘च’मुळे ऐकणाऱ्याचा कान आधीच बंद होतो. एकच गाणं पाठवावं, त्यातलं नेमकं काय आवडलं ते एका ओळीत लिहावं, आणि उत्तराची वाट पाहू नये. दाजींचं उत्तर चार दिवसांनी येतं. ते कसं वाचायचं त्याची किल्ली देतो. ‘बरं आहे’ म्हणजे ऐकलेलं नाही. ‘ऐकलं’ म्हणजे अर्धं ऐकलं आणि बहिणीने आवाज कमी करायला सांगितला. ‘तबला बरा आहे’ ही सर्वोच्च पदवी, ती कोल्हापुराबाहेर सहसा दिली जात नाही. ‘कोण रे हे पोरगं?’ असा मध्यरात्री फोन आला तर आधी घड्याळ बघू नये, सरळ नाव सांगावं. आणि पाठोपाठ ‘ब बाजू आहे काय याची?’ असं विचारलं, तर फोनमधल्या गाण्याला बाजू नसते हे सांगण्याच्या भानगडीत न पडता ‘बघतो’ म्हणावं आणि त्याच पोरगेल्या गायकाचं आणखी एक शोधायला लागावं.