व्यास आणि त्रिज्या

मी रबरी वॉशर बनवतो. नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत माझं बारकं वर्कशॉप आहे: पाच कामगार, तीन पंचिंग मशिनं आणि एक कुत्रं. कुत्र्याचं नाव हजेरीपटावर नाही, पण नियमित तेवढं तेच येतं. वॉशर नीट बसलेला असेपर्यंत जगात कुणालाही त्याची आठवण होत नाही. नळ गळायला लागला की मात्र आमच्या अख्ख्या धंद्याचा उद्धार होतो.

दर बुधवारी सकाळी सातला त्र्यंबक रोडवरच्या एका हॉटेलात आम्हा व्यावसायिकांचा गट जमतो. प्रत्येकानं उठायचं, मिनिटभर आपल्या धंद्याबद्दल बोलायचं आणि एकमेकांना गिऱ्हाइकं मिळवून द्यायची. चार वर्षं मी एकच बोललो: ‘नमस्कार. निओप्रीन, नायट्रिल, सिलिकॉन. सर्व मापांत.’ माझी वेळ आली की लोक चटणी वाढून घ्यायला उठत.

मग गटानं एक प्रशिक्षक बोलावला. त्याच्या कानाला चिकटलेला माइक होता आणि हात सतत हवेत होते. ‘लोक आकडे विसरतात, गोष्ट लक्षात ठेवतात,’ तो म्हणाला. ‘माल विकू नका, स्वतःची स्टोरी सांगा. संघर्ष सांगा!’ स्वतःचा संघर्षही त्यानं सांगितला. लहानपणी तो सीबीएस बसस्थानकावर पेपर विकायचा. आमच्यातल्या एकानं त्याला पूर्वी सिन्नरला ऐकलं होतं. तिथे तो म्हणे शेंगदाणे विकत होता.

पुढच्याच बुधवारपासून गटात संघर्षाची साथ आली. अर्धं नाशिक खिशातल्या ५०० रुपयांवर उभं राहिलंय हे मला तेव्हा कळलं. कुणाचेही ४०० नव्हते, ६०० नव्हते. एका सकाळी तर उपमा येईपर्यंत लागोपाठ तीन मंगळसूत्रं गहाण पडली. ज्यांच्या वडिलांचे मेनरोडवर दोन गाळे आहेत, तेसुद्धा डोळे पुसत खाली बसले.

माझी पंचाईत झाली. माझ्या आयुष्यात संघर्ष म्हणावा असं काही नाही. वडील सरकारी नोकरीत, मी डिप्लोमा केलेला, कर्जाला बँकेनं जामीन मागितला तर काकांनी सही केली आणि वर चहा पाजला. तरी मी बायकोला विचारून पाहिलं, ‘तुझं मंगळसूत्र कधी गहाण ठेवलं होतं का गं आपण?’

‘अहो, काय झालंय? किती कर्ज करून बसलायत?’ तिनं गॅसच बंद केला. तिला शांत करण्यात तासभर गेला. आई आतल्या खोलीतून म्हणाली, ‘याला लहानपणी शाळेत जाताना दहा पैसे कमी दिले तर रडायचा. तेच सांग म्हणावं.’

शेवटी मी सायकल घेतली, म्हणजे गोष्टीत. भर पावसात सातपूरहून नाशिकरोडपर्यंत सायकलच्या कॅरिअरला वॉशरची गोणी बांधून नेणारा तरुण मी उभा केला. चेन तुटल्याचं सांगताना आवाजही बरा फाटला. द्वारकेच्या चढावर मी पोचलो तेव्हा चटणीपाशी कुणीही नव्हतं. इतक्यात मागून आमचे जुने ट्रान्सपोर्टवाले म्हणाले, ‘अरे, तुझ्याकडे लूना होती ना? माझ्याच भावाकडून घेतलीस तू.’ लोक इतके हसले की वेटर आत डोकावून गेला. ‘आणि द्वारकेला चढ कुठंय?’ अशी पुरवणीही कुणीतरी जोडली.

मला वाटतं, हा दोष आमच्या संस्कारांचा आहे. आम्हाला ‘मी’ बोलता येत नाही. कीर्तनात बुवा पूर्वरंगात तत्त्व सांगायचे आणि उत्तररंगात आख्यान लावायचे. पण ते हरिश्चंद्राचं, ध्रुवाचं. स्वतःचं घर गहाण पडलेलं असलं तरी बुवांनी त्याचं आख्यान कधी लावलं नाही. वक्ता उभा राहतो त्या जागेला आपण व्यासपीठ म्हणतो, आणि व्यास स्वतः महाभारतात असूनही स्वतःबद्दल बोलायला किती जागा घेतात? न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा घातली. आमच्या गोदाकाठच्या मालेनंही शंभरी ओलांडलीय. मेच्या उकाड्यात यशवंतराव महाराज पटांगणावर बसून मी स्वराज्यापासून मधुमेहापर्यंत सगळं ऐकलं. एखाद्या वक्त्यानं ‘माझ्या आयुष्यातला एक प्रसंग’ म्हटलं की वडील घड्याळ पाहायचे.

आणि पटांगण तरी कुणाच्या नावाचं? यशवंतराव महाराजांच्या, म्हणजे देवमामलेदारांच्या. १८७०-७१च्या दुष्काळात सटाण्याच्या या मामलेदारांनी सरकारी खजिन्यातले १ लाख २७ हजार रुपये भुकेल्यांना वाटून टाकले. तपासणीला साहेब आले तर खजिना जसाच्या तसा भरलेला निघाला, अशी आख्यायिका आहे. गोष्ट म्हणाल तर अशी की दीडशे वर्षं लोक सांगताहेत. आमच्या प्रशिक्षकानं त्यांना नक्की विचारलं असतं, ‘सर, यात तुमचा वैयक्तिक संघर्ष कुठेय?’

तरी संघर्षाची खरी गोष्ट मी हट्टानं आणखी शोधली, आणि सापडले ते आमच्या त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके. त्यांच्याकडे सगळा माल अस्सल. विम्याच्या पॉलिसी गहाण, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेलेले, डोळे अधू झालेले. मुंबईत ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहताना आपल्या डोळ्यांपुढे राम-कृष्ण कसे दिसू लागले, हे त्यांनी पुढे १९१७ साली ‘नवयुग’ मासिकात स्वतःच लिहिलं. पण भांडवल उभं करायची वेळ आली तेव्हा फाळक्यांनी डोळे पुसले नाहीत. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, दिवसेंदिवस त्याची एकेक चौकट टिपली आणि पडद्यावर मिनिटाभरात बीचा वेल करून दाखवला. सावकाराचा हात खिशाकडे गेला तो वाटाण्यामुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ साली लागला, त्याच वर्षी फाळके बिऱ्हाड हलवून नाशिकला आले. पुढे त्यांनी चित्रपट कसे तयार करतात याचाही चित्रपट काढला आणि त्यात स्वतः दिसले. म्हणजे ‘मी’ त्यांनाही येत होता, पण हातात काम धरलेला.

दुसरं उदाहरण द्राक्षांचं. नाशिकमध्ये बसून द्राक्षाचं नाव न काढता लेख संपवला तर नगरपालिका हद्दपार करील. (महानगरपालिका म्हणायला हवं, पण आमच्या आईच्या पिढीला ती अजून पटलेली नाही.) २०१० साली क्लोरमेक्वाट नावाच्या औषधाचे अंश सापडले म्हणून युरोपनं आपली द्राक्षं अडवली. मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचे विलास शिंदे त्या हंगामाच्या फटक्याबद्दल मोकळेपणानं बोलतात. आज सह्याद्री ही शेतकऱ्यांची मोठी कंपनी आहे. यशाचे आकडे सांगायला त्यांच्याकडे काय कमी? माझ्या ध्यानात मात्र क्लोरमेक्वाट राहिलं. ज्या शब्दानं माणसाला खड्ड्यात घातलं तो शब्द ऐकणाऱ्याच्याही पायात अडकतो.

तेव्हा मला माझ्याच कपाटातला एक जुना वॉशर आठवला.

१९९६ साल. धंदा नवा होता. सातपूरच्याच एका कारखान्याकडून २,००० वॉशरची ऑर्डर आली, ड्रॉइंग फॅक्सनं. मापाच्या आकड्याआधी व्यासाची खूण होती, गोलातून जाणारी तिरकी रेघ. फॅक्सच्या कृपेनं ती इतकी फिसकटली होती की मी तिला त्रिज्येचा आर समजलो. पन्नास मिलिमीटर व्यासाचे वॉशर हवे होते; मी पन्नास त्रिज्येचे कापले. डाय करणाऱ्यानं विचारलंही होतं, ‘शेठ, केवढी पाइपलाइन आहे ही?’ मी म्हणालो, ‘मोठी कंपनी आहे.’

माल घेऊन गेलो (लूनावरून). खरेदी खात्यातल्या साहेबांनी एक वॉशर उचलला, त्यातून माझ्याकडे पाहिलं, मग तो टेबलावर ठेवला आणि वर आपला चहाचा कप ठेवला. कप बरोबर भोकात बसला. ‘हा एक राहू दे. बाकीचे परत न्या,’ ते म्हणाले. तीन रात्री मशीन चालवून मी स्वतःच्या खर्चानं नवा माल दिला. त्या कारखान्यात मला पुढे दहा वर्षं ‘बशीवाले’ म्हणत. तिथून बदलून गेलेला प्रत्येक माणूस नव्या जागी ही गोष्ट घेऊन गेला, आणि मागोमाग मला चौकशा आल्या. हे मी कधी जोडून पाहिलंच नव्हतं. मी ती लाज समजून कपाटात कोंडली होती.

पुढच्या बुधवारी मी उठलो. खिशातून वॉशर काढला, शेजारच्याचा कप उचलून त्यावर ठेवला आणि जसं घडलं तसं सांगितलं. मिनिट संपल्याची घंटी वाजली तरी कुणी थांबवलं नाही. ट्रान्सपोर्टवाल्यांनी ‘लूना’ शब्दाला तेवढी मान डोलावली.

नाश्त्याच्या वेळी कॉलेज रोडला नवं कॅफे काढणारा एक मुलगा माझ्याजवळ आला. तो वॉशर त्यानं बराच वेळ उलटसुलट केला.

‘काका, याच मापाचे दोनशे मिळतील? टेबलांवर ठेवायला. असे जाडच.’

डाय अजून होता. मी भाव सांगितला.

‘काका, चुकीच्या मापाचे आहेत ना,’ तो म्हणाला, ‘मग थोडं कमी करा.’