आधी सही, मग आयडिया

ओळखीतल्या एका होतकरू उद्योजकाने मला बाणेरच्या कॅफेत बोलावलं. कॉफीच्या आधी गोपनीयतेचा 14 पानी करार आला, 500 रुपयांच्या मुद्रांकावर. (ऑक्टोबर 2024 पर्यंत शंभरात भागायचं. महाराष्ट्रात गुपितंही महागली.) "काका, आधी सही, मग आयडिया."

केली सही. मग आयडिया कळली: घरगुती डबे, अ‍ॅपवरून. ती त्याने अशा खणखणीत आवाजात सांगितली की शेजारच्या टेबलांवरच्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या सह्या घ्यायच्या राहिल्याच.

करारातलं चौथं कलम म्हणतं, आधीपासून जगजाहीर असलेली माहिती गोपनीय धरली जाणार नाही. म्हणजे डबे गेले, अ‍ॅप गेलं, 'पहिल्या ऑर्डरवर सूट'ही गेली. नववं कलम म्हणतं, असा करार झालाय हेसुद्धा कुठे बोलायचं नाही. वजाबाकी केली तर गुपित उरतं ते एवढंच, आणि ते मी इथे फोडतोय.

शिवाय दोन वर्षं मी डब्यांच्या धंद्यात पडायचं नाही. मी म्हटलं, "अरे, धंद्याला अशी आडकाठी करणारा करार 1872 च्या कायद्यातलं कलम 27 रद्दबातल ठरवतं." तो म्हणाला, "असू दे हो, इन्व्हेस्टरला बरं वाटतं." व्यापारी गुपितांसाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, विधी आयोगाने मार्च 2024 मध्ये त्याचा मसुदा सुचवला, हे त्याच्या कानावरच नव्हतं. कोकाकोला मात्र तोंडपाठ. "फॉर्म्युला द्यायला नको म्हणून 1977 मध्ये देश सोडला त्यांनी, काका!" खरंय. पण त्यांच्याकडे फॉर्म्युला होता.

याच्याकडे कोल्हापूरच्या एक काकू आहेत. डब्यांची सगळी चव त्यांच्या कांदा-लसूण मसाल्याची. त्यांनाही तोच करार गेला, वर एक जादा कलम: कृती यापुढे कंपनीच्या मालकीची. काकू ती कृती मागेल तिला सांगत आल्यात, तीही बिनमुद्रांकाची. मिरची, खोबरं, तीळ, धणे आणि दगडफूल, अंदाजानं. सख्ख्या सुनेलाही तो अंदाज अजून साधलेला नाही.

काकूंनी निमूट सही केली, कृती लिहून दिली. कंपनीने कागद कुलुपात ठेवला, काकूंना मोकळं केलं आणि मसाला स्वतःच कुटायला घेतला. पहिलाच माल कडूजहर. मालकाने घाबरून फोन लावला.

"आसंल बाबा," काकू म्हणाल्या, "अंदाज चुकला आसंल तुमचा."