न खाणारा गडी

कोल्हापुरात पुरुषमाणसाने मटण न खाण्याची दोनच कारणं ग्राह्य धरतात: डॉक्टर, नाही तर पांडुरंग. माझ्या गळ्यात माळ नाही आणि साखर मापात आहे. त्यामुळे मित्राकडे रविवारी पंगत बसली की त्याचे काका माझ्या ताटाकडे बघून हळूच विचारतात, "पावणं, तब्येत बरी हाय न्हवं?"

खरं तर काकांची मर्दानगीही पंचांग बघूनच चालते. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. वर एकादशी, संकष्टी आणि अख्खा श्रावण. (गटारीला महिन्याभराचं आगाऊ उरकून घेतात, ते वेगळं.) वर्षाचा हिशेब मांडला तर ते निम्म्याहून अधिक माझ्याच पार्टीत. पण त्यांचं न खाणं देवाच्या खात्यावर जमा होतं, माझं अशक्तपणाच्या.

शाहू महाराजांच्या खासबाग मैदानाच्या या गावात ताकद म्हणजे काय ते मी का सांगावं? तरी तालमीतल्या कोनाड्यात बसलेत ते मारुतीराय, रुईची माळ आणि नारळावर खूश. त्यांची तब्येत कोणी विचारत नाही. पैलवान बदामाची थंडाई घोटतो, तो खुराक. तेच बदाम मी ऑफिसात डबीतून काढले, की ते पथ्य!

एकदा काकांना गांधीजींची गोष्ट सांगितली. इंग्रज मांस खातो म्हणून राज्य करतो, असं मित्राने शाळकरी मोहनदासला पटवलं. चोरून बोकड खाल्ला, तर तो रात्रभर पोटात ओरडत राहिला. पुढे इंग्रज गेला तेव्हा गांधीजी शेळीच्या दुधावर होते. काका नळी चोखत म्हणाले, "ते म्हातारं येगळं."

रविवारी रश्श्याच्या पातेल्याशी पुरुष असतात. बनियन, खांद्यावर टॉवेल, हातात पळी. सोमवारी यांना चहाची पूड सापडत नाही. खोबरं-तीळ भाजून वाटण करून देतात त्या वहिनी. माझ्यासाठी अख्खा मसूरही त्याच करतात. परवा त्यांनी तोच स्वतःच्या ताटात वाढून घेतला, तेव्हा कळलं, त्या लहानपणापासून खात नाहीत. तांबड्याचं मीठ नुसत्या वासावर ठरवतात.

"वहिनी, तुम्हाला कोणी तब्येत विचारत नाही?"

"बायकांस्नी कोण इचारतंय, भावजी? भाकरी घ्या."