मादामचा तिसरा चॅप्टर

आमच्या सोसायटीत दोन डॉक्टर. एक पहिल्या मजल्यावरचे, दातांचे. दुसऱ्या चौथ्या मजल्यावरच्या मादाम, त्या अजून होऊ घातलेल्या. वॉचमन नवा आला की दाढ धरून आलेला एखादा बिचारा हमखास चौथ्या मजल्यावर जाऊन बेल दाबतो. मादाम समजुतीच्या सुरात सांगतात, "मी त्यातली डॉक्टर नाही हो. खरं म्हणजे अजून कशातलीच नाही."

मादाम फ्रेंचमध्ये पीएचडी करतात. करतात म्हणजे करतच असतात. आम्ही इथं राहायला आलो तेव्हा प्रबंध "अगदी शेवटच्या टप्प्यात" होता आणि त्या टप्प्यावरून तो आजही तसूभर हललेला नाही. माणूस पीएचडीला बसला की लोक तब्येत विचारायची सोडून थीसिसच विचारतात. त्यात ह्यांचं फ्रेंच! लग्नकार्यात एखादी मावशी पर्समधून अत्तराची बाटली काढते आणि "एक्सपायरी कुठं लिहिलीय बघ गं" म्हणून पुढं करते. दुसरी विचारते, "पॅरिसला किती वेळा जाऊन आलीस?" मादाम एकदाही गेलेल्या नाहीत. मात्र फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं जुनी पुस्तकं 'गालिका' नावाच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली आहेत. तिथं त्या रात्री दोन-दोनपर्यंत हिंडत असतात. त्यांच्या खिडकीतला उजेड बघून खालचे जोशीकाका म्हणतात, "चौदावा लुई जागा आहे वाटतं."

विषय आहे मराठी रंगभूमीवरचा फ्रेंच नाटककार मोलिएर. ऐकायला किती सुटसुटीत! घोडं अडलंय ते तिसऱ्या चॅप्टरात, म्हणजे 'कवडीचुंबक' या नाटकापाशी. अत्र्यांनी ते मोलिएरच्या १६६८ सालच्या कंजुषावरून बेतलं. एवढं लिहून माणसानं पुढं सरकावं की नाही? पण मोलिएरनं तो कंजूष प्लाउटस या रोमन नाटककाराकडून उचललेला. झालं! मादामनी लॅटिन शिकायला घेतलं. चौथ्या चॅप्टरात देवलांचं 'संशयकल्लोळ'. १९१६ साली संगीत होऊन आलेलं हे नाटक देवलांनी मर्फी नावाच्या आयरिश माणसाच्या इंग्रजी नाटकावरून घेतलं आणि मर्फीनं ते मोलिएरच्या १६६०च्या 'स्गानारेल'वरून. म्हणजे मर्फी आला, मर्फीच्या काळातलं लंडन आलं, तिथली नाटकमंडळी आली. "सर म्हणतात, पुरे करा आता. मी म्हणते, सर, धागा सुटतो," असं त्या अभिमानानं सांगतात. हे मार्गदर्शक सर स्वतः निवृत्तीला टेकलेले. त्यांचा धागा सुटायच्या आत हा प्रबंध सुटावा म्हणून ते देव पाण्यात घालून बसले असावेत.

त्यांच्याबरोबर नाटकाला जाऊ नये. आम्ही गेलो होतो, 'संशयकल्लोळ'लाच. बायकोच्या, कृत्तिकेच्या, हातात परपुरुषाची तसबीर बघून फाल्गुनराव भडकले, थिएटर हसायला लागलं आणि शेजारून मादाम कुजबुजल्या, "हा प्रवेश जसाच्या तसा आहे हं. फक्त तिकडे तो पॅरिसवाला." पुढच्या रांगेतले गृहस्थ वळले. "बाई, नाटक बघू द्या." मादाम गप्प. मध्यंतरात तेच गृहस्थ हातात बटाटेवडा घेऊन आले. "काय हो, मग त्या पॅरिसवाल्याचं पुढं काय झालं?" तिसरी घंटा झाली तरी दोघं हलेनात. शेवटी त्या गृहस्थांच्या सौभाग्यवती येऊन त्यांना घेऊन गेल्या. जाताना त्यांनी मादामकडे जो कटाक्ष टाकला, तो देवलांना दाखवायला हवा होता.

आजारी माणसाला भेटायलाही त्यांना एकटं पाठवू नये. जोशीकाका साध्या पित्तानं घाबरून दवाखान्यात भरती झाले होते. मादाम मोसंबी घेऊन गेल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि धीर द्यायला म्हणाल्या, "काका, मोलिएरचं शेवटचं नाटक अशाच एका स्वतःला आजारी समजणाऱ्या माणसावर होतं. ती भूमिका तो स्वतःच करायचा. चौथ्या प्रयोगात स्टेजवरच कोसळला आणि त्याच रात्री गेला. १६७३, फेब्रुवारी." काकांचं ब्लडप्रेशर तपासायला नर्सला धावत यावं लागलं. पण दुसऱ्या दिवशी त्याच काकांनी फोन करून विचारलं, "ते नाटक मराठीत वाचायला मिळेल का गं?"

घर चालतं ते शनिवार-रविवारच्या बॅचवर. ए-वन, म्हणजे अगदी पहिली पायरी. समोर सगळे हिंजवडीचे इंजिनियर. कॅनडाच्या पीआरसाठी फ्रेंचचे जादा गुण मिळतात, म्हणून आलेले. ही मुलं मोलिएरला ओळखत नाहीत आणि ओळखायची त्यांची इच्छाही नाही. मादाम त्यांच्याकडून क्रियापदं घोकून घेतात, घशातला 'र' काढून घेतात, खोट्या मुलाखती घेतात. मुलं पायऱ्या चढत पास होतात आणि भुर्रकन कॅनडाला जातात. मग तिथून बर्फाचे फोटो येतात, खाली फ्रेंचमध्ये दोन ओळी. मादाम फोटो बघतात, डोळे पुसतात आणि लगेच उत्तर टाकतात की दुसऱ्या ओळीत स्त्रीलिंग हवं होतं.

चुकीचं फ्रेंच त्यांना सोसत नाही, ही एक मोठी खोड. फर्ग्युसन रस्त्यावरच्या कॅफेत बसलं की आधी मेनूकार्ड तपासलं जातं. ई-वरची तिरकी रेघ राहिली असेल तर पर्समधून बारीक निबेचं काळं पेन निघतं आणि वेटर यायच्या आत रेघ पडलेली असते. एका ठिकाणच्या वेटरला हे आता माहीत झालंय. नवी कार्डं छापून आली की तो ती आधी मादामच्या टेबलावर आणून ठेवतो. कॉफीचं बिल मात्र पूर्ण लावतो.

प्रबंध तीन पेन ड्राइव्हवर. एक पर्समध्ये, एक बँकेच्या लॉकरमध्ये आणि एक देव्हाऱ्यात, अन्नपूर्णेच्या मागे. तो सासूबाईंनी ठेवलाय. सासूबाई एसटीतून निवृत्त झालेल्या, मुदत-बिदत चोख कळणाऱ्या. पीएचडीला सहा वर्षं, बायकांना वर दोन सवलतीची, हे नियम त्यांना सुनेपेक्षा जास्त पाठ. रोज फुलं वाहताना त्या पेन ड्राइव्हलाही एक पाकळी वाहतात.

परवा शेवटी प्री-सबमिशनचं सादरीकरण पार पडलं. समितीनं मान डोलावली, सरांनी म्हणे घाम पुसला. सासूबाईंनी पुरणपोळी केली, आम्हाला सगळ्यांना वर बोलावलं. जोशीकाका तर नेहरू शर्ट घालून आले. पानं वाढली, तूप पडलं आणि मादाम पहिला घास हातात धरून तशाच थांबल्या.

"सगळं झालं, पण मनाला पटत नाहीये. हरिभाऊंवर नुसती एक तळटीप आहे."

"कोण हरिभाऊ?" जोशीकाकांनी विचारलं.

"आपटे. हरि नारायण. 'मारून मुटकून वैद्यबुवा' मोलिएरचंच ना! त्यांना तळटिपेत कसं टाकू? निदान एक छोटा चॅप्टर तरी..."

कुणीच काही बोललं नाही. सासूबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली, सुनेकडे पाहिलं.

"हरिभाऊ कुठं पळून जात नाहीत," त्या म्हणाल्या. "गिळ आधी. पोळी गार होतेय."