अंदमान उरकण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

अंदमानला जाऊन अंदमान बघत बसणारी माणसं असतात. ती एकाच बेटावर चार-चार दिवस पडून राहतात आणि 'बाराटांग केलं का?' असं विचारल्यावर नुसतं हसतात. त्यांच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. प्रस्तुत मार्गदर्शन पाच रात्री-सहा दिवसांत सगळे पॉइंट पदरात पाडून, शक्यतो काहीही न बघता, सुखरूप परत येऊ इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांसाठी व त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे.

आधी नावं. २०१८ साली हॅवलॉकचं स्वराज द्वीप झालं, नीलचं शहीद द्वीप. २०२४ साली पोर्ट ब्लेअरचं श्री विजयपुरम झालं. स्टेटसवर नवी नावं टाकावीत, रिक्षावाल्याला जुनी सांगावीत. सेल्युलर जेलबद्दल इथे काही लिहीत नाही. सावरकरांच्या कोठडीसमोर कसं उभं राहायचं हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही; तिथे आपण आपोआप गप्प होतो. प्रश्न उरलेल्या दिवसांचा आहे.

निघण्यापूर्वी तारकर्ली आणि गणपतीपुळे यांची मनाशी उजळणी करावी. कोणत्याही किनाऱ्यावर पाय ठेवल्यापासून मिनिटभराच्या आत 'आमच्या कोकणात काय कमी आहे?' हे वाक्य तोंडातून निघालं पाहिजे. उशीर केला तर पाण्याकडे लक्ष जाण्याची भीती असते. जुन्या लालसर वीसच्या नोटेवर जी नारळाची झाडं आणि समुद्र होता, ते माउंट हॅरिएटवरून, म्हणजे आताच्या माउंट मणिपूरवरून, दिसणारं नॉर्थ बेचं दृश्य. २०१९ साली आलेल्या नव्या नोटेवर वेरूळचं लेणं आहे. तेव्हा तिथे उभं राहून समोर न बघता खिशातली नोट काढावी आणि सोबतच्या मंडळींना वेरूळचं महत्त्व समजावून सांगावं. या कामी अर्धा तास सहज जातो.

सूर्य हा या सहलीतला सर्वांत बेशिस्त घटक. देशाचं घड्याळ एकच, साडेब्याऐंशी अंश रेखांशावर बेतलेलं. मुंबई ७३ अंशांच्या आसपास, पोर्ट ब्लेअर ९२च्याही पलीकडे. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने तिथला सूर्य आपल्या सूर्याच्या सव्वा तासाहून जास्त पुढे धावतो आणि डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास बुडून मोकळा होतो. आपल्याकडे ही वेळ दुपारची झोप झाल्यावर चहाचं आधण ठेवण्याची. ती बदलू नये. झोपावं, चहा घ्यावा आणि साडेपाचला राधानगर बीचवर प्रसन्न चेहऱ्याने हजर व्हावं. 'टाइम' साप्ताहिकाने २००४ साली ज्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटलं, तो तुम्हाला संपूर्ण अंधारात आणि विनागर्दी मिळेल.

काही टूर मॅनेजर मात्र हट्टाने चार वाजताच नेऊन सोडतात. पश्चिमेला तोंड केलेला लांबच लांब पांढरा किनारा, मागे समुद्री मोहाच्या उंच झाडांची राई. अशा ठिकाणी मोह आवरणं सोपं नाही. पुढचा क्रम पाळावा: आधी शहाळं, मग त्यातली मलई, मग कपडे बदलण्याच्या खोलीची रांग, मग चपला आणि पाकिटं कुणी सांभाळायची यावर सविस्तर चर्चा. पाण्यात उतरेपर्यंत जीवरक्षक शिट्टी वाजवून बाहेर बोलावतोच. उरलेल्या वेळात सूर्य चिमटीत धरल्याचा फोटो काढावा. बोट आणि सूर्य जुळेपर्यंत सूर्य गेलेला असतो. काही किनाऱ्यांवर मगरींची सूचना देणारी पाटी दिसेल. ती वाचावी. मगरीला पॅकेजमध्ये काय समाविष्ट आहे हे कळत नाही.

नीलवर खरी कसोटी लागते, कारण तिथे सूर्याबरोबर चंद्रही आडवा येतो. लक्ष्मणपूरच्या एका टोकाला समुद्राने खडक कोरून कमान केली आहे, तिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात. ओहोटी असेल तर खडकांवरून चालत तिथवर जाता येतं आणि वाटेतल्या डबक्यांत खेकडे, समुद्रकाकड्या, रंगीत मासे, जिवंत प्रवाळ असं बरंच काही गुडघाभर पाण्यात थांबलेलं असतं. भरतीला ते सगळं गडप. ओहोटीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. बोटीची आणि जेवणाची वेळ सरकत नाही. तेव्हा ओहोटी कधी आहे हे कुणालाही विचारू नये. भरतीत पोचल्यास काठावरून बोट दाखवून 'तो काय पूल' म्हणावं आणि वळावं. ओहोटीत सापडल्यास डबक्याशी उकिडवं बसू नये. एकदा बसलेला माणूस लवकर उठत नाही आणि सगळी बस खोळंबते, असा अनुभव आहे.

एलिफंट बीचवर हत्ती नाही, ही तक्रार पहिल्या दहा मिनिटांत नोंदवावी. जंगलातली लाकडं ओढायला अंदमानात हत्ती आणले होते. त्यांतला राजन समुद्रात पोहायचा, तो २०१६ साली गेला. दुसरी तक्रार प्रवाळांच्या रंगाची. ब्रोशरमध्ये लाल आणि केशरी, प्रत्यक्षात मातकट. पाण्यात लाल रंग पहिल्या काही मीटरांतच विरतो, हे एक कारण. प्रवाळ म्हणजे इवल्या जिवांची वसाहत, त्यांच्या अंगातलं सूक्ष्म शेवाळ त्यांना रंगही देतं आणि अन्नही. पाणी फार तापलं की ते शेवाळ बाहेर टाकलं जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं, हे दुसरं. २०१० साली अंदमानात हे फार मोठ्या प्रमाणावर घडलं. पैसे परत मागताना या माहितीचा उपयोग होत नाही, म्हणून ती विसरावी. गाइड टायरला धरून ओढत नेईल, तेव्हा डोकं पाण्यात घालण्याऐवजी त्याच्या कॅमेऱ्याकडे बघून अंगठा दाखवावा. मासे नंतर व्हिडिओत दिसतातच.

आता बाराटांग. इथवर न बघण्याची जी साधना केली, तिचा इथे कस लागतो. पहाटे हॉटेल सोडायचं, जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांची रांग लावायची आणि पोलीस बंदोबस्तात ताफ्याने जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जायचं. थांबायचं नाही, फोटो नाही, काही द्यायचं-घ्यायचं नाही. जारवा जेमतेम काही शे आहेत. त्यांच्या जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करावा असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितलं होतं. रस्ता चालू आहे. गंमत बघा. राधानगरला मोबाइलमधून मान वर न करणारा, नीलला बसमध्येच पेंगणारा माणूस या रस्त्यावर टक्क जागा असतो. चिवड्याची पुडी हातात तशीच, नाक काचेला. आपण चुनखडीच्या गुहा बघायला निघालोय, असं तो सगळ्यांना सांगत असतो. सहा दिवसांत एवढ्या एकाच रस्त्यावर डोळे मिटून बसणं हे सभ्यपणाचं आहे, आणि तेवढंच आपल्याला जमत नाही. यावर माझ्याकडे युक्ती नाही. समुद्रमार्गाने जाण्याची सोय आहे का ते विचारावं, नाहीतर बाराटांग गाळावं.

गाळवत नसेल तर पुढचं सोपं आहे. खारफुटीतून बोट जाते, मग थोडं चालणं, मग गुहा. छतावरून लोंबणाऱ्या प्रत्येक दगडात गणपती दिसतोच. सोंड कुठल्या बाजूची यावर दोन कुटुंबांत मतभेद झाले तर टूर मॅनेजरचा निर्णय अंतिम मानावा. चिखलाच्या ज्वालामुखीपाशी जमिनीतून येणारा वायू राखाडी चिखलात मधूनच एक बुडबुडा फोडतो. 'एवढंच?' असं म्हणावं. खरा ज्वालामुखी बॅरन बेटावर आहे, भारतातला एकमेव जागृत, पण तिथे नाश्त्याची सोय नाही.

परतीच्या दिवशी विमानतळावर पिशवीतून शिंपले निघतात. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं, मेलेला तुकडासुद्धा, आणि तपासणीच्या यंत्रात तो स्वच्छ दिसतो. 'मुलाने उचललं' हे कारण मुलगा चाळिशीचा असल्यास टिकत नाही. शिंपल्याची वस्तू हवीच असेल तर सरकारी एम्पोरियममधून घ्यावी आणि पावती हातातल्या पर्समध्ये ठेवावी. ती एव्हाना मोठ्या बॅगेत, ओल्या टॉवेलांच्या खाली गेलेली असते आणि बॅग पट्ट्यावरून आत गेलेली असते. तेव्हा या कामासाठी विमानतळावर पाऊण तास जास्तीचा धरून निघावं.